दोरीला हात लावणाऱ्याचा वाटा

काकीचा थम लागत नाही. रेशनच्या दुकानात ती अंगठा यंत्रावर ठेवते, लाल दिवा लागतो. पदराला पुसून पुन्हा ठेवते, पुन्हा लाल. मग तर्जनी, मग डाव्या हाताचा अंगठा. मागे रांग खोळंबते. शेवटी दुकानदार ओटीपी मागवतो, तो माझ्या फोनवर येतो आणि मी हातातलं काम सोडून तिला आकडे सांगते. गेली तीन-चार वर्षं दर महिन्याला हे असंच चाललंय.

तिच्या बोटांवर रेघा उरलेल्या नाहीत. वेंगुर्ले तालुक्यात आमच्या गावापासून चालत वीस मिनिटांवर काजूचा कारखाना आहे. तिथं तिनं सव्वीस वर्षं काम केलं, त्यातली पहिली अकरा बी फोडण्यात गेली. काजूच्या टरफलात जे काळपट तेल असतं ते कातडी जाळतं. बायका कामाला बसण्याआधी हाताला राख चोळायच्या, कुणी खोबरेल चोपडायच्या, तरी आठवड्याभरात बोटांची सालं निघायचीच. लहानपणी काकी मला न्हाऊ घालायची तेव्हा तिचा हात पाठीवर खरखरीत लागायचा, ते मला अजून आठवतं. जेवताना ती आमटी-भात चमच्यानं खायची. आमच्या घरात चमच्यानं जेवणारी ती एकटीच, आणि त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

मग कारखान्यात बी फोडायची यंत्रं आली. त्या दिवशी काकीनं घरी येऊन देवाला नारळ ठेवला होता. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी यंत्रांच्या विरोधात आहे. जे यंत्र माणसाचे हात जळण्यापासून वाचवतं ते दहा वर्षं आधी का आलं नाही, एवढीच माझी त्याच्याबद्दल तक्रार आहे.

फोडणीतून सुटल्यावर काकीला ग्रेडिंगला बसवलं. लांबलचक टेबल, वर ट्यूबलाइट, दोन्ही बाजूंना मिळून अठरा बायका. समोर सोललेल्या काजूगरांचा ढीग. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात तीनशे ते तीनशेवीस अख्खे गर, डब्ल्यू-२४० म्हणजे दोनशेवीस ते दोनशेचाळीस, आणि डब्ल्यू-१८० सगळ्यांत टपोरा. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. काकीनं जन्मात पौंडाचं वजन पाहिलेलं नव्हतं. ती मूठभर गर तळहातावर पसरायची आणि अंगठ्यानं एकेक ढकलत जायची. हा इकडे, हा तिकडे, करपलेला वेगळा, डागी वेगळा, पाकळी वेगळी, कणी वेगळी. बोलणं चालूच असायचं, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या म्हशीचं, आणि हात आपले चालत राहायचे. मधेच एखादा गर ती नाकाजवळ न्यायची. खवट झालेला गर दिसायला अगदी चांगला दिसतो, एकटाच पुऱ्या डब्याची वाट लावतो. असा गर ती बाजूला टाकायची.

२०२२ च्या गणपतीनंतर कारखान्यात कलर सॉर्टर आला. उंच पांढरं कपाट असावं तसं यंत्र. वरून गर ओतायचे, ते घसरगुंडीवरून खाली येतात, वाटेत कॅमेरे प्रत्येक गराचा फोटो घेतात, आणि नको असलेला गर दाबाच्या हवेच्या बारीक फुंकरीनं बाजूला उडवला जातो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. पण नको असलेला म्हणजे कुठला, हे यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी तमिळनाडूतून एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला होता. त्यानं मालकांना विचारलं, तुमच्याकडे सगळ्यांत चांगलं कोण निवडतं? मालकांनी काकीकडे बोट दाखवलं.

दोन दिवस काकी त्या मुलाशेजारी स्टुलावर बसली. तिनं ट्रे भरून द्यायचे: एका ट्रेत नुसते २४०, एकात ३२०, एकात करपलेले, एकात साल चिकटलेले, एकात किडके, एकात सुरकुतलेले. ट्रे यंत्रातून जायचे, पडद्यावर प्रत्येक गराभोवती चौकट उमटायची. यंत्राचं आणि काकीचं जमलं नाही की मुलगा थांबवायचा, तो गर उचलून तिच्यापुढे धरायचा आणि मोडक्या हिंदीत विचारायचा. दुसऱ्या दिवशी मी तिचा डबा घेऊन गेले होते, तेव्हा हे मी डोळ्यांनी पाहिलं. एक पिवळट गर होता, यंत्रानं तो बाद केला होता. काकीनं तो बोटांत फिरवला, नखानं दाबून पाहिला.

"ह्यो पयल्या पावसातलो," ती म्हणाली. "रंग गेलो, चव नाय गेली."

मी त्या मुलाला हिंदीत सांगितलं. मेच्या शेवटी झाडाखाली पडलेली बी वळवाच्या पावसात भिजते, ती नीट वाळवली तरी गर पिवळट दिसतो, पण आतून चांगला असतो. तो दुसऱ्या प्रतीत घाला, बाद करू नका. मुलानं मान डोलावली आणि काहीतरी टाइप केलं. तसे पन्नासेक पिवळट गर काकीकडून निवडून घेतले, त्यांचा वेगळा ट्रे केला. त्यानंतर यंत्र ते बाद करेनासं झालं. सव्वीस उन्हाळ्यांत जे तिच्या बोटांना कळलं होतं ते अर्ध्या तासात त्या कपाटात गेलं. काकीला त्याचा आनंद झाला होता, हेही खरं आहे. घरी येऊन ती सगळ्यांना सांगत होती, "मीच शिकवलंय तेका."

त्या दोन दिवसांची तिला नेहमीची हजेरी मिळाली, सहाशे रुपये.

दिवाळीपर्यंत ग्रेडिंगच्या टेबलावर पाच बायका उरल्या. काकीला काढलं नाही, पण आठवड्यातून दोन दिवस बोलावणं यायचं, मग तेही थांबलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यातल्या एका कारखान्यात तसंच यंत्र बसलं. आमच्या गावची एक सून तिथं कामाला आहे. ती म्हणाली, आमच्याकडे कुणाला स्टुलावर बसवावं लागलं नाही, यंत्र शिकूनच आलं होतं.

मालकांना मी दोष देत नाही. व्हिएतनाम आज जगात सगळ्यांत जास्त काजूगर निर्यात करतो आणि तिथलं बरंचसं काम यंत्रांवर होतं. आपल्याकडच्या कारखान्यांनाही वर्षभर चालायचं तर आफ्रिकेतून बी आणावी लागते, आणि मग त्याच भावात त्याच बाजारात उभं राहायचं असतं. यंत्र घेतलं नसतं तर कदाचित अठराच्या अठरा घरी बसल्या असत्या. माझा प्रश्न त्या सहाशे रुपयांचा आहे. ती मजुरी ट्रे भरण्याची होती. शिकवण्याची मजुरी कुठल्या वहीत लिहिली गेली?

हा प्रश्न मला इतका टोचतो याला कारण आहे. मीही अशाच स्टुलावर बसलेय.

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते, २००९ पासून. औषधांच्या सूचना, बँकांची पत्रकं, शेतीची माहितीपत्रकं. घरी पडवीत टेबल टाकलंय, समोर आंबा, इंटरनेट कधी असतं कधी नसतं. सुरुवातीला शब्दामागे पैसे मिळायचे आणि त्यात मुलीची शाळा, आईचं औषधपाणी निघायचं. चार-पाच वर्षांपूर्वीपासून काम बदललं. आता कोरं इंग्रजी येत नाही. यंत्रानं केलेलं मराठी येतं आणि सोबत निरोप असतो, फक्त तपासून द्या. दर एक तृतीयांश. तपासायला अनेकदा नव्यानं लिहिण्याइतकाच वेळ लागतो, कारण चूक असलेलं वाक्य आधी मनातून पुसावं लागतं.

एकदा आंब्याच्या फवारणीचं पत्रक आलं. त्यात इंग्रजी "हॉपर्स"चं शब्दशः मराठी करून यंत्रानं तुडतुड्यांना "उड्या मारणारे" म्हटलं होतं. मोहोरावरचे उड्या मारणारे! आमच्याकडे पोराटोरांनाही तुडतुडे माहीत असतात. थंडीत मोहोर फुटला की पानाखाली, देठाला, खोडाच्या सालीच्या फटीत दडतात, रस शोषतात, मोहोर काळा पडतो, वर्षाचं पीक हातचं जातं. मी सगळीकडे दुरुस्त केलं. पुढच्या हंगामात पत्रक आलं तेव्हा तुडतुडे जागच्या जागी होते, फुलकिडेही होते. माझ्याच दुरुस्तीनं ते शिकलं असं मी म्हणत नाही. पण माझ्यासारख्या कुणाच्या तरी दुरुस्तीनंच शिकलं. मराठी बोलणारे आपण २०११ च्या जनगणनेत आठ कोटींच्या वर होतो, पण इंटरनेटवर इंग्रजीच्या मानानं मराठी मजकूर फार थोडा. जिथं मजकूर थोडा तिथं तपासून दिलेल्या प्रत्येक वाक्याला मोल असतं. माझ्या करारात एक ओळ आहे: दिलेल्या मजकुराचे सर्व हक्क कायमस्वरूपी कंपनीकडे राहतील. पंधरा वर्षांपूर्वी मी त्यावर सही केली तेव्हा "सर्व हक्क" या दोन शब्दांत काय काय मावेल याची कुणालाच कल्पना नव्हती.

बाबांनी हे ऐकलं असतं तर ते काय म्हणाले असते, असं मनात येतं. बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. गिरणीत मागाला साचा म्हणत. शंभर साच्यांचा खडखडाट चालू असताना आपल्या साच्याचा धागा तुटला की त्यांना ते नजरेआधी कानाला कळायचं. नव्या पोरांना ते शिकवायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप जाहीरपणे संपला असा दिवस कधी आलाच नाही. बाबा १९८३ च्या पावसाळ्यात एक पत्र्याची पेटी घेऊन गावी आले. मी पाच वर्षांची होते. त्यांच्या कानात जी विद्या होती तिचा आमच्या गावात काही उपयोग नव्हता. रात्री पत्र्यावर पाऊस पडायला लागला की ते उठून बसायचे, आईला म्हणायचे, साचे चालू झाल्यासारखं वाटतं.

त्यांच्या आधीच्या पिढीनं १९२८ साली सहा महिन्यांचा संप केला होता. विणकऱ्यानं दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत, असं मालकांचं म्हणणं होतं. कामगारांचं म्हणणं सरळ होतं: एक माणूस तीन साचे चालवणार असेल तर बाकीच्यांनी खायचं काय, आणि वाचलेला पगार जाणार कुणाकडे? शंभर वर्षं होत आली, आणि काकीच्या टेबलावर पाच बायका उरल्या तेव्हाही प्रश्न हाच आहे. जागतिक आर्थिक मंचाच्या जानेवारी २०२५ च्या अहवालात आकडे आहेत: २०३० पर्यंत जगात सतरा कोटी नवी कामं निर्माण होतील, नऊ कोटी वीस लाख जातील. वजाबाकी केली तर फायदाच दिसतो. पण गेलेलं काम वेंगुर्ल्यात असतं आणि आलेलं काम हैदराबादला, आणि मधे बासष्ट वर्षांची बाई असते जिच्या बोटांवर रेघा नाहीत. तिला कुठल्या नव्या कामाला लावायचं, हे त्या वजाबाकीत कुठंच येत नाही.

रोबोट हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. चेक भाषेत रोबोटा म्हणजे वेठबिगारी. हे वाचलं तेव्हा मी थबकले, कारण वेठ हा आमच्या घरातला शब्द. आजी सांगायची, खोताच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, घरचं लग्न असो की शाकारणी, कुळानं बोलावल्याबरोबर जायचं, मजुरी मागायची नाही. त्यावर पिकाचा वाटा वेगळा: निम्मं द्यायचं ते अर्धेल, तिसरा हिस्सा द्यायचा तो तिर्धेल. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली शेतंच कसली नाहीत. लाकूडफाटा विकून, अर्धपोटी राहून दिवस काढले. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती प्रत्यक्षात गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्यानं. चरीच्या शेतकऱ्याचं भांडण जमिनीशी नव्हतं, भाताशीही नव्हतं. ज्यानं चिखलात पाय रोवून रोप लावलं त्याच्या घरी किती यायचं, एवढंच त्याला विचारायचं होतं. काकीनं लावलेलं रोप आता कुठल्या कुठल्या कारखान्यांत पिकतंय, आणि ती निम्म्याचा सोडाच, कसल्याही वाट्याची धनी नाही.

यंत्रं कुणाच्या बाजूनं उभी करायची हे माणसं ठरवतात, त्याचंही उदाहरण आमच्याच किनाऱ्यावर आहे. पर्ससीनच्या मोठ्या घेरजाळ्यांनी आणि एलईडी दिव्यांच्या उजेडात मासे ओढून केलेल्या मासेमारीनं पारंपरिक मच्छीमार कसा हैराण झाला ते मालवण-वेंगुर्ल्यात कुणालाही विचारा. जानेवारी २०२५ पासून राज्य सरकारनं बेकायदा मासेमारीवर लक्ष ठेवायला किनाऱ्यावर ड्रोन उडवायला सुरुवात केली. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहावरून समुद्राच्या पाण्याचं तापमान आणि रंग पाहून मासा कुठं सापडेल याचा अंदाज मच्छीमारांना कळवते, फुकट. आणि आंब्यातला साका! वरून सोन्यासारखा हापूस, आणि कापला की आत पांढरट, स्पंजासारखा. जाणत्यातल्या जाणत्या बागायतदारालाही तो बाहेरून ओळखता येत नाही. किरण टाकून न कापता साका ओळखायचे प्रयोग शास्त्रज्ञ करतायत. असं यंत्र वाडीवाडीवर परवडेल अशा भावात आलं तर मी पहिला नारळ फोडीन. त्यानं कुणाचा हात रिकामा होत नाही, माणसाला जे कधी जमलंच नाही ते ते करतं.

शिकवणाऱ्याला वाटा देणं अशक्य आहे, असं मला कुणी सांगू नये. बेंगळुरूत कार्या नावाची संस्था आहे. ती गावातल्या लोकांकडून त्यांच्या भाषेतली वाक्यं, आवाज नोंदवून घेते, त्याची चांगली मजुरी देते, आणि तीच सामग्री पुढे पुन्हा विकली गेली तर नोंदवणाऱ्याला पुन्हा पैसे देते. २०२३ साली अमेरिकेत पटकथालेखक १४८ दिवस संपावर होते, आणि एआयबद्दलच्या अटी करारात लिहून घेऊनच कामावर परतले. आपल्याकडे डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाच्या समितीनं सुचवलं की एआयला शिकवायला ज्यांचं लेखन, संगीत वापरलं त्यांना कंपन्यांनी मानधन द्यावं. ती सूचना आहे, कायदा झालेला नाही, पण निदान प्रश्न टेबलावर आला. त्यात लेखक आहेत, गायक आहेत. काजूगर निवडणारी बाई त्यात अजून नाही. ती जे जाणते ते कुठं छापलेलं नव्हतं, म्हणून त्याच्यावर तिचं नाव नाही.

असं नाव घालणं जमेल का? मला वाटतं जमेल. कुणाकडून यंत्र शिकलं याची नोंद लॅपटॉपवाल्या मुलाकडे होतीच, प्रत्येक ट्रेला त्यानं नंबर दिला होता. त्या शिकवणीवर पुढचं प्रत्येक यंत्र विकलं जाताना चार पैसे ग्रेडिंगच्या अठराजणींच्या खात्यात गेले असते तर यंत्राची किंमत कितीशी वाढली असती? हिशेब ठेवायला जगातली सगळ्यांत हुशार यंत्रं त्यांच्याकडेच आहेत.

गेल्या डिसेंबरात एका सकाळी काकी म्हणाली, चल गो बाय, किनाऱ्यार जाऊन येऊया. रापण लागली होती. होडीनं अर्धगोल फिरून जाळं टाकलेलं, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर, आणि वीस-पंचवीस माणसं वाळूत टाचा रोवून ओढत होती. काकीनं चपला काढल्या, साडी खोचली आणि दोरी धरली. मी तिला नको म्हणायच्या आत ती ओळीत उभी होती, पुढच्या माणसाच्या लयीत मागे मागे सरत. मीही धरली. दोरी ओली, खारट, तळहात पाच मिनिटांत लाल झाले. काकीच्या हाताला काही झालं नाही.

जाळं वर आलं तेव्हा तारली होती, थोडे बांगडे, मूठभर कोळंबी. रापणकरांनी वाळूवर वाटे घातले. जाळ्याचा, होडीचा, रापणीतल्या प्रत्येकाचा. एक शाळकरी पोरगा शेवटी शेवटी धावत येऊन दोरीला लागला होता, त्याच्या पिशवीतही चार तारल्या पडल्या. मग म्हाताऱ्या रापणकरानं काकीकडे पाहिलं आणि एक वाटा तिच्या पुढ्यात सरकवला. बाजूचा एक तरुण विचारायला लागला, ही कोण, आपल्यातली नाय.

"दोरीक हात लावल्यान मां तिना?" म्हातारा म्हणाला, आणि पुढचा वाटा घालायला वाकला.

काकीनं पदर पसरला. बांगडे अजून तडफडत होते.